‘वास्तवा’चे लेबल आणि आतला माल

देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेचे कार्यालय जामसंडे येथे आहे. या संस्थेने २०२५ च्या हंगामापासून स्वतःला एक कडक शिस्त लावून घेतली. ‘देवगड हापूस’ म्हणून बाजारात जाणाऱ्या फळावर सांकेतिक क्रमांकाचा शिक्का हवा. तो उचकटून दुसऱ्या फळावर चिकटवता येऊ नये. आणि बागायतदाराकडे कलमे किती आहेत हे पाहूनच त्याला शिक्के मिळावेत. ग्राहकाने त्या शिक्क्याचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे, शिक्क्यामागे दडलेला क्रमांक सांगायचा आणि आंबा कोणाच्या बागेतला, कोणत्या गावचा, हे घरबसल्या जाणून घ्यायचे. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले होतेच. तरीही एवढा खटाटोप करावा लागला, कारण देवगडचे नाव छापलेल्या पेटीत कर्नाटकचा आंबा भरून विकण्याचा धंदा राजरोस चालत आला आहे. कर्नाटकचा आंबा वाईट असतो असे नव्हे. त्याने देवगडचे नाव लावू नये, इतकेच बागायतदाराचे म्हणणे आहे.

आता दुसरी पेटी पाहू. ती आपल्या दिवाणखान्यात भिंतीला टांगलेली असते आणि रात्री जेवणाच्या वेळी उघडते. तिच्यावर ‘रिअ‍ॅलिटी’ असे लेबल असते. रिअ‍ॅलिटी म्हणजे वास्तव. जे घडले ते, जसे घडले तसे. आत जो माल असतो तो कोणत्या बागेतला, कोणी पिकवला, कोणत्या रसायनाने पिकवला, हे विचारण्याची सोय या पेटीला नाही. आमची तक्रार आहे ती या लेबलाबद्दल. वाहिन्यांनी करमणूक करू नये असे आम्ही म्हणत नाही. नाटकाला नाटक म्हणावे, एवढीच मागणी आहे. कोकणातला माणूस दशावताराच्या प्रयोगाला रात्रभर बसतो तेव्हा संकासुर खरा राक्षस आहे असे त्याला कोणी सांगत नाही. पहाटे तोच संकासुर रंग पुसून चहा पिताना दिसतो. दशावतारी नट प्रेक्षकाशी प्रामाणिक असतो. कोट्यवधींचा पसारा मांडणारी वाहिनी मात्र तेवढाही प्रामाणिकपणा दाखवत नाही.

या तथाकथित वास्तवाचे जन्मगाव आपल्याकडचे नाही, हेही ध्यानात घ्यावे. अनोळखी माणसांना एका घरात कोंडून त्यांच्यावर चोवीस तास कॅमेरे रोखण्याचा कार्यक्रम १९९९ साली हॉलंडमध्ये सुरू झाला. जॉन डी मोल या निर्मात्याची ती कल्पना. तिचा साचा देशोदेशी विकला गेला. २००६ साली तो ‘बिग बॉस’ या नावाने हिंदीत आला आणि २०१८ साली मराठीत. घराची रचना, भिंतीवरचा डोळा, अदृश्य मालकाचा खर्जातला आवाज, दर आठवड्याला एकाची हकालपट्टी, हे सारे परवान्यासह आयात होते. परदेशी म्हणून एखादी गोष्ट त्याज्य ठरत नाही. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ आला तोही ब्रिटिश साचाच होता आणि त्याने निदान सामान्यज्ञानाची पुस्तके तरी घराघरांत आणली. प्रश्न साचा कोणत्या देशाचा हा नसून त्या साच्यात काय ओतले जाते हा आहे. माणसे कोंडायची, त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध तोडायचा, दूरध्वनी, वृत्तपत्र, घड्याळ काढून घ्यायचे, अन्नाचा शिधा स्पर्धेवर ठेवायचा आणि मग ती एकमेकांच्या अंगावर धावून गेली की म्हणायचे, पाहा, मनुष्यस्वभाव असा असतो! चार कोंबडे एका टोपलीत घालून झाकण लावणाऱ्याने कोंबड्यांच्या भांडकुदळपणावर प्रवचन द्यावे, तसा हा प्रकार आहे.

२०१९ साली मराठी बिग बॉसच्या दुसऱ्या पर्वात एका स्पर्धकाला धनादेश न वटल्याच्या प्रकरणात सातारा पोलीस घेऊन गेले. त्या संपूर्ण पर्वात घराचा उंबरठा ओलांडून आत आलेले वास्तव बहुधा तेवढेच असावे.

जे आपण पाहतो ते तयार कसे होते, हे एकदा समजून घ्यायला हवे. डझनावारी कॅमेऱ्यांनी दिवसरात्र टिपलेल्या चित्रणातून रात्रीचा तासाभराचा भाग निघतो. उरलेला सारा दिवस कात्रीखाली जातो. त्यामुळे कोण नायक, कोण खलनायक, हे संकलकाच्या मेजावर ठरते. सकाळी बोललेल्या वाक्याचा पूर्वार्ध आणि संध्याकाळच्या वाक्याचा उत्तरार्ध जोडून तिसरेच वाक्य बनवता येते. जगभरच्या संकलकांना ही युक्ती ठाऊक आहे. गायनाच्या स्पर्धेत परीक्षकाच्या डोळ्यांतले पाणी ज्या गाण्याला आले त्याच गाण्यावर दाखवले जाईल, याची हमी कोणी देत नाही. स्पर्धकाची गरिबी, आजारी आई, गहाण पडलेले घर, यांची वेगळी चित्रफीत आधीच करून ठेवलेली असते आणि ती कोठे लावायची, मागे सारंगी किती वेळ वाजवायची, याचे गणित पक्के असते. २०२४ च्या पाचव्या पर्वात बारामती तालुक्यातील मोढवे गावचा सूरज चव्हाण विजेता ठरला. अनाथपण आणि दारिद्र्य सोसलेल्या त्या तरुणाला महाराष्ट्राने मते दिली, यात महाराष्ट्राच्या मनाचा चांगुलपणाच दिसला. त्याच्या यशाबद्दल कोणाला असूया वाटण्याचे कारण नाही. पण ज्या वाहिनीने सत्तर दिवस त्याचे दारिद्र्य जाहिरातींच्या मधल्या जागेत विकले, तिने त्या पर्वात मोढव्याबद्दल, तशा गावांतल्या शाळागळतीबद्दल आपल्याला काय सांगितले? काहीही नाही. दारिद्र्य हे तिच्या लेखी कथानकाला लागणारे मीठ होते.

त्याच पर्वात शनिवार-रविवारच्या झाडाझडतीला ‘भाऊचा धक्का’ असे नाव दिले होते. सूत्रसंचालक रितेश देशमुख यांच्या ‘भाऊ’ या संबोधनावरची ती कोटी. कोकणातल्या जुन्या पिढीला मात्र भाऊचा धक्का म्हटले की मुंबईचे ते बंदर आठवते. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांच्या नावाने ओळखला जाणारा तो धक्का. गिरणीतला चाकरमानी ट्रंक खांद्यावर घेऊन तिथे बोटीत चढे आणि विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरे घेत बोट दक्षिणेला जाई. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट त्याच धक्क्यावरून रेवसला निघाली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. या नावामागे एवढे वास्तव साठलेले आहे. त्याची एक तासाची मालिका कोणत्याही मराठी मनोरंजन वाहिनीला करता आली असती. तिने नाव तेवढे उचलले.

कोकणाच्या वाट्याला पडद्यावर जे आले ते एकंदरीत याच जातीचे. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका गाजली. कुडाळ तालुक्यातील आकेरीचा वाडा पाहायला पर्यटक लोटले. ती काल्पनिक मालिका होती, तसे ती सांगतही होती. तरी कोकण म्हणजे करणी, भुते आणि भाऊबंदकी ही प्रतिमा तिने घट्ट केली आणि सिंधुदुर्गात त्याबद्दल नाराजीही उमटली. दुसऱ्याच वर्षीच्या ‘गाव गाता गजाली’ने मालवणी माणसाला हसता-खेळता दाखवले, हेही नोंदवायला हवे. मग २०२३ च्या अखेरीस ‘जाऊ बाई गावात’ हा कार्यक्रम आला. शहरातल्या सुखवस्तू मुलींनी वाई तालुक्यातील बावधन येथे राहायचे, शेतात आणि गोठ्यात कामे करायची, आणि टिकेल ती जिंकेल. आमची बहीण किंवा वहिनी जे काम पहाटे साडेपाचला उठून, कोणी टाळ्या न वाजवता, आयुष्यभर करते, ते इथे ‘टास्क’ झाले. त्या कामात शहरी मुलीची जी तारांबळ उडते ती गंमत, आणि गाव म्हणजे गमतीची पार्श्वभूमी. बावधनचे बगाड साऱ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. ते बगाड कोण घडवते, लाकूड कोठून येते, बैल कोण देते, त्यामागची गावकीची व्यवस्था कशी चालते, याचा शोध घेणारा कार्यक्रम हा खरा ‘रिअ‍ॅलिटी शो’ ठरला असता.

यावर वाहिन्यांकडे दोन ठरीव उत्तरे असतात. पहिले, लोकांना हवे तेच आम्ही देतो. लोकांना काय हवे हे ठरते कसे? देशात सुमारे २३ कोटी घरांत दूरचित्रवाणी संच आहेत आणि प्रेक्षकसंख्या मोजणारी यंत्रे सुमारे ५८ हजार घरांत. त्या घरांच्या पसंतीवरून उरलेल्यांची भूक ठरते. शिवाय जे कधी वाढलेच नाही ते ताटात कोणी मागितले नाही, हा युक्तिवाद स्वयंपाक्याने करू नये. दुसरे उत्तर, आवडत नसेल तर संच बंद करा. २००९ साली ‘सच का सामना’ या कार्यक्रमावरून संसदेत गदारोळ झाला. माणसाला खोटे पकडणाऱ्या यंत्रासमोर बसवून, बायकोच्या आणि आईवडिलांच्या देखत, त्याच्या शय्यागृहाबद्दल प्रश्न विचारायचे आणि खऱ्या उत्तराला पैसे द्यायचे, असा तो व्यवहार होता. दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी घालण्यास नकार दिला. आम्हांला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. बंदीची मागणी हे आळशी समाजाचे हत्यार आहे. न्यायालयाने किंवा सरकारने आमच्या घरातला रिमोट हातात धरावा, अशी ती विनवणी असते. पण ‘बंद करा’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण फसव्या लेबलाचा प्रश्न त्याने सुटत नाही. भेसळीच्या दुकानात जाऊ नका, असे सांगून अन्न निरीक्षक घरी बसत नाही.

आणि इथे थोडे आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. संस्कृतिरक्षणाच्या बैठकीला हिरिरीने बोलणारी मंडळी साडेनऊ वाजता घड्याळाकडे पाहू लागतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी कोण ‘नॉमिनेट’ झाले याची चर्चा कुटुंबाच्या गटावर चालते ती आपल्याच. कुटुंबातल्या तीन पिढ्या एकत्र बसून काही पाहतात, याचे आम्हांला कौतुक आहे. आता प्रत्येकाच्या हाती वेगळा मोबाईल आल्यावर तर ते दुर्मीळच झाले. पण एकत्र बसून आपण पाहतो काय, तर मोठ्या माणसांनी एकमेकांची उणीदुणी काढणे, पाठीमागे कुजबुजणे, आणि त्या कुजबुजीचे बक्षीस. दहा वर्षांचा नातू त्यातून शिकतो ते तोंडाने सांगितलेल्या शंभर सुभाषितांनी पुसले जात नाही.

या साऱ्या व्यवहारात सर्वांत मोठी जोखीम मुलांची आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर.

२००८-०९ मध्ये ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ने मराठी घरांना वेड लावले होते. आळंदीची कार्तिकी गायकवाड, लातूरचा रोहित राऊत, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरी जिल्ह्यातील आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन. अभंग, नाट्यगीत, भावगीत या मुलांच्या गळ्यातून पुन्हा घराघरांत आले, आणि पुढे ती सर्वजण गाण्यातच राहिली. तो कार्यक्रम चांगला होता असे आम्ही आजही म्हणू, आणि त्याचे श्रेय देताना हात आखडता घेणार नाही. पण त्या यशाने हजारो पालकांच्या डोक्यात एक भलतेच बीज पेरले. आपले मूल पडद्यावर आले पाहिजे. गुरूकडे दहा वर्षे सा लावण्याऐवजी सहा महिन्यांत ‘ऑडिशन’ची तीन गाणी बसवून घेतली पाहिजेत. त्याच २००८ साली कोलकात्यात एका सोळा वर्षांच्या मुलीला नृत्यस्पर्धेतून बाद केल्यानंतर तिची वाचा गेली, अवयव लुळे पडले. परीक्षकांच्या कठोर शब्दांचा तो धक्का होता, असे तिच्या पालकांनी सांगितले. वैद्यकीय कारण काय होते यावर वाद झाला. पण तिला कॅमेऱ्यासमोर सुनावले गेले यावर वाद नव्हता. २०१९ च्या जूनमध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाला वाहिन्यांना लेखी सूचना द्यावी लागली, की नृत्याच्या कार्यक्रमांत लहान मुलांकडून वयाला न शोभणारे हावभाव करवून घेऊ नयेत. सहा-सात वर्षांच्या मुलीने कशावर नाचू नये हे सरकारने सांगावे लागते! तिचे आईवडील प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवत होते, म्हणूनच ना?

कायदा याबाबतीत मुका नाही. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ साली नियम आले. त्यांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही. चित्रीकरणासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. सलग सत्तावीस दिवसांहून अधिक काम नको. मिळकतीचा किमान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे बँकेत मुदतठेवीत टाकायचा. शाळा बुडणार नाही याची व्यवस्था निर्मात्याने करायची. मुलाला चाचणीला घेऊन जाणाऱ्या किती पालकांनी ही कलमे वाचलेली असतात? त्यांच्यापुढे येतो तो वाहिनीचा करार, आणि ते त्यावर डोळे मिटून सही करतात. परवानगीचा कागद दाखवा, असे म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. तो बजावला तर मुलाची संधी जाईल, ही भीती असते. जी संधी कायदा विचारल्यावर निघून जाते तिच्याबद्दल पालकांनीच काय ते ठरवावे.

मग खरे वास्तव दाखवायचे कोणी? त्यासाठी अनुबोधपट नावाचा प्रकार आहे, आणि मराठी प्रेक्षकाला तो अपरिचित नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. एका स्टुडिओतल्या चार खुर्च्यांवर, आकाशानंदांचा ‘ज्ञानदीप’ एवढा रुजला की गावोगावी त्याच्या प्रेक्षकांची मंडळे निघाली. ‘आमची माती आमची माणसं’ पाहून शेतकऱ्यांनी वाणे बदलली. १९८८ साली श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही त्रेपन्न भागांची मालिका आली. तिच्या इतिहासदृष्टीशी मतभेद असणाऱ्यांनीही ती रविवारी सकाळी बसून पाहिली आणि मग वाद घातला. नव्वदच्या दशकात ‘सुरभि’ने देशातले कारागीर, मंदिरे, लोककला दाखवल्या, आणि लोकांनी पोत्यांनी पोस्टकार्डे पाठवली. लोकांना हवे ते देतो म्हणणाऱ्यांनी त्या पोस्टकार्डांचा हिशेब द्यावा.

आता अनुबोधपटाच्या नावानेही भेसळ चालते, हे सांगितले नाही तर तराजू खोटा ठरेल. ‘रहस्य’, ‘शाप’, ‘गूढ’ असे शब्द मोठ्या अक्षरांत टाकून किल्ल्यांवर रात्रीचे कॅमेरे फिरवणारे कार्यक्रम निघतात. त्यांत वटवाघळे पुष्कळ आणि संशोधक एकही नाही. आणि आपणही काही वेळा अभिमानापोटी लेबल तपासत नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर याने विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला, असे भाषणांत आणि चित्रफितींत सर्रास सांगितले जाते. लॉकियर तेव्हा भारतात नव्हता. ग्रहणाच्या दिवशी गुंटूरला निरीक्षण करत होता तो फ्रान्सचा जान्सेन. लॉकियरने आपले निरीक्षण २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये केले. विजयदुर्गाच्या वैभवाला या उसन्या मोत्याची गरजच नाही. त्याच्यालगत समुद्राच्या तळाशी दगडी भिंत आहे; गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाणबुड्या उतरवून ती मोजली, लांबी सुमारे १२२ मीटर. ती कोणी, कधी, कशी बांधली. शत्रूच्या जहाजांची बुडे तिच्यावर आपटावीत हाच हेतू होता काय. भरतीओहोटीच्या पाण्यात दगड बसवले कसे? जुलै २०२५ मध्ये विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग यांच्यासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. वृत्तवाहिन्यांनी दोन दिवस जल्लोष दाखवला. त्या भिंतीवर पाण्याखाली कॅमेरा घेऊन उतरायला मनोरंजनवाहिनीच्या एका पर्वाच्या खर्चाचा कितीसा भाग लागला असता?

किंवा भिंतीचेही राहू द्या. जामसंड्याच्या एखाद्या बागेत कॅमेरा वर्षभर ठेवा. पाऊस सरल्यावरची पालवी, थंडी लांबली म्हणून रखडलेला मोहर, तुडतुडे आणि फुलकिडे, एकामागून एक फवारण्या आणि त्यांची उधारी, वानरांची राखण, घरदार सोडून आलेला नेपाळी गडी, फेब्रुवारीतला अवेळी पाऊस, झेल्याने उतरवलेले पहिले फळ, पेंढ्यात भरलेली पेटी, वाशीला गेलेला ट्रक, आणि मग काही दिवसांनी दलालाकडून आलेली पट्टी, जी हातात पडेपर्यंत वर्षाच्या कष्टाचे मोल किती हे बागायतदाराला ठाऊक नसते. यात ताण नाही काय? कारस्थान नाही? इथे हकालपट्टी होते ती माणसाची आपल्याच बागेतून होते, आणि पुढच्या पर्वात त्याला पुन्हा प्रवेश मिळत नाही. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांच्या परंपरेसाठी २०२१ सालची पद्मश्री मिळाली. या परंपरेवर सलग दहा भाग करावेत इतका मालमसाला त्यांच्या गोठ्याच्या संग्रहालयात आहे.

सह्याद्री वाहिनी सरकारी पैशांवर चालते, म्हणजे ती आपली आहे. तिच्याकडे अशा मालिकांची मागणी जिल्ह्याजिल्ह्यांतून गेली पाहिजे, आणि नुसती ‘संस्कृती दाखवा’ अशी मोघम नको; अमुक विषय, अमुक जाणकार, अमुक गाव, असा कागद हवा. महाविद्यालयांतल्या मराठी आणि इतिहास विभागांनी तो तयार करून द्यावा. खासगी वाहिन्यांकडे दुसरी मागणी. कार्यक्रमाला ‘रिअ‍ॅलिटी’ म्हणायचे असेल तर प्रत्येक भागाच्या आरंभी एक पाटी लागावी: किती तासांच्या चित्रणातून हा भाग काढला, स्पर्धकांना आधी सूचना दिल्या होत्या काय, कोणता प्रसंग पुन्हा घडवून घेतला, आणि मुले असतील तर परवानगी कोणत्या जिल्ह्याची.

ही मागणी करण्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही. केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली, ती प्रेक्षकांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. कोणीही प्रेक्षक वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करू शकतो. चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निर्णय देणे वाहिनीवर बंधनकारक आहे. समाधान झाले नाही तर वाहिन्यांच्या स्वनियंत्रण मंडळाकडे आणि त्याच्याही वर केंद्र शासनाकडे जाता येते. तक्रारीत कार्यक्रमाचे नाव, दिनांक, वेळ आणि नेमका प्रसंग द्यावा. ‘संस्कृती बुडाली’ असे लिहू नये, त्याचे उत्तर त्यांच्याकडे छापून तयार असते. प्रत आपल्याकडे ठेवावी, आणि पत्र मराठीतच लिहावे.